जुन्या शिडाच्या बोटीची मोठी दुरुस्ती: एस्टिमेट काढताना या चुका टाळा

माझ्या वहीच्या एका पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, "पुढचा डेक मऊ, दोन स्टँचन, 40,000". सहा महिन्यांनंतरच्या पानावर त्याच कामाची बेरीज आहे 1,85,000. मधे वादळ आलं नाही, बोट कुठे आपटली नाही, नवीन काही तुटलंही नाही. काम तेच होतं, मोजणारा चुकला.

आम्ही तिघं मित्र मिळून 26 फुटी फायबरची शिडाची बोट वापरतो, ऐंशीच्या दशकातली, आमच्याआधी चार हात फिरलेली. ऑक्टोबर ते मे कुलाब्याच्या बाजूला मुरिंगवर (पाण्यात कायम बांधून ठेवायच्या जागी) आणि पावसाळ्यात जमिनीवर. जुनी बोट घेतलेल्या लोकांचे फोन येतात, "अरे डेकला किती येईल", "मास्टच्या (डोलकाठीच्या) वायर बदलायला किती", आणि प्रत्येक जण सामानाचा भाव विचारतो. सामानाचा भाव कुणीही सांगेल हो, पण जुन्या बोटीत पैसे जातात ते त्या सामानापर्यंत पोचण्यात.

डेकची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्या चुका एकाच ठिकाणी केल्या

बहुतेक फायबर बोटींचा डेक सँडविच असतो, वर खाली फायबर आणि मधे बाल्सा लाकूड, फोम नाहीतर प्लाय. रेलिंगचे स्टँचन, म्हणजे उभे खांब, बोल्टने बसवलेले असतात, वर्षानुवर्षं लोक त्यांना धरून चढतात, सीलंट सुटतं आणि पाणी बोल्टच्या कडेने आत मुरतं. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यात कव्हर नीट नसेल तर बघायलाच नको.

आम्ही काय केलं, तर पाय जिथे दबतो तेवढाच भाग मोजला. पाय दबेपर्यंत आतलं लाकूड पार कुजलेलं असतं आणि ओल त्याच्या कितीतरी पुढे गेलेली असते. करायचं असं की स्क्रूड्रायव्हरची मूठ घ्यायची आणि हातभर अंतराने नाही, चार बोटांच्या अंतराने अख्खा डेक ठोकत जायचं. चांगल्या जागी टक् टक् असा कोरडा आवाज येतो, ओल्या जागी थप्. थप् आलं की तिथे मास्किंग टेप चिकटवायची. आम्ही हे नंतर केलं तेव्हा टेपचा नकाशा आमच्या अंदाजाच्या चौपट निघाला, आणि एक बोल्ट काढला तर भोकातून चहासारखं पाणी आलं, कुजक्या पानांचा वास, हाताला सुद्धा लागून राहिला.

दुसरी चूक काढघालीची. डेक उघडायचा म्हणजे स्टँचन काढायचे, त्यासाठी खाली केबिनचं छताचं अस्तर काढायचं, त्याआधी त्यातून गेलेल्या वायरी, मग चाळीस वर्षं जाम बसलेले नट, ज्यांना वर एक माणूस आणि खाली पान्हा घेऊन दुसरा माणूस लागतो. आमचा फायबरचा मिस्त्री मला म्हणाला, "साहेब, माझं काम दोन दिवसांचं, बाकीचे आठ दिवस मी तुमचे बोल्टच काढतोय." हे सगळं परत बसवायचं पण असतं बरं का, आणि ते काढण्यापेक्षा जास्त वेळ घेतं.

तिसरी, भोकाच्या मापावर हिशोब. फायबरमधे भोक नुसतं बुजवत नाहीत, कडा उतरत्या घासून घ्याव्या लागतात, नेहमीचं प्रमाण जाडीच्या 12 पट. म्हणजे 6 मिलिमीटर जाडीच्या हलमधे (बोटीच्या बाहेरच्या अंगात) 5 सेंटीमीटरचं भोक असेल तर चारी बाजूंनी 7 सेंटीमीटरच्या वर घासायचं, पॅच होतो जवळपास 20 सेंटीमीटरचा. मॅट (काचेच्या धाग्यांची चटई), रेझिन (ती घट्ट करणारा द्रव), रंग सगळं त्या 20 चं धरा, 5 चं नाही.

रेझिन कुठलं, पॉलिएस्टर की इपॉक्सी, ते पण कोटेशनमधे लिहून घ्या. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी छान धरतं पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही, त्यामुळे आधीच्या मालकाने इपॉक्सीने काही केलं असेल आणि तुम्ही स्वस्तातलं पॉलिएस्टर मारलंत, तर पुढच्या वर्षी तोच पॅच परत करायची तयारी ठेवा.

"पावसाळ्यात बोट बाहेर असतेच, तेव्हा उरकून घेऊ"

ऐकायला सगळ्यात शहाणपणाचा वाटणारा आणि मुंबईत सगळ्यात महाग पडणारा प्लॅन. हलला ऑस्मोसिसचे, म्हणजे फायबरमधे पाणी मुरून येणारे, फोड आलेले असतील (फोडलेत तर आतून व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं पाणी निघतं) तर जेलकोट (वरचा चकचकीत थर) उतरवून हल आधी पूर्ण सुकवावा लागतो, आणि त्याला आठवडे नाही, महिने जातात. जुलैत आपल्याकडे चादर सुकत नाही तिथे हल काय सुकणार. दमट हवेत इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर पण येतो, तो पाण्याने धुऊन घासल्याशिवाय वर दुसरा कोट मारला की तो सुटतो. बंद शेड आणि डीह्युमिडिफायर असेल तर गोष्ट वेगळी, मग त्यांचं भाडं आणि वीज एस्टिमेटमधे टाका.

वर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते, कोळ्यांच्या बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, त्यांचीही कामं तेव्हाच निघतात, त्यामुळे चांगला मिस्त्री तुमच्या हौसेच्या बोटीकडे नारळी पौर्णिमेनंतरच बघणार, आणि बरोबरच आहे त्याचं, त्यांचं पोट आहे त्यावर. आम्ही आता पावसाळ्यात फक्त काढाकाढी करतो, शिडं शिवायला देतो, इंजिनाची बारीक कामं करतो, आणि फायबर ऑक्टोबरनंतर. त्यात सीझनचा एखादा महिना जातो आणि यार्डाचं भाडं वाढतं, पण ते आधीच वहीत असतं.

भरतीचं पण धरा. स्लिपवरून (पाण्यात उतरत जाणाऱ्या धक्क्यावरून) बोट चढवायची उतरवायची असेल तर बऱ्याच ठिकाणी उधाणाची भरतीच लागते, म्हणजे अमावस्या पौर्णिमेच्या आसपास, मुंबईत तेव्हा भरती साधारण दुपारी बाराच्या सुमाराला येते. रंग सुकला नाही म्हणून तो दिवस हुकला की पुढचे पंधरा दिवस भाडं चालू. आमचं एकदा एका सीकॉकच्या (हलमधून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) वॉशरसाठी हुकलंय, त्या वॉशरची किंमत विचारू नका.

मास्ट उतरवलाच तर

वायर रिगिंग, म्हणजे मास्टला ताणून धरणाऱ्या वायरी, 10 ते 15 वर्षांत बदलायचं असतं असं सर्वसाधारण धरतात. एक वायर गेली म्हणून एकच बदलणारे लोक बघितलेत, तीन महिन्यांनी दुसऱ्यासाठी परत क्रेन. क्रेनचा आणि माणसांचा खर्च तोच असतो, म्हणून मास्ट खाली आला की सगळ्या वायरी, वरचा लाइट, आतली केबल, पुली सगळं एकदम. आणि चेनप्लेट (वायर जिला अडकवतात ती पट्टी) काढून बघा, डेकमधून जाते ना तिथेच स्टेनलेस आतून चिरतं, बाहेर चकचकीत असतं.

पण ही "आता उघडलंच आहे तर" सवय मास्टपुरती ठेवा. डेकच्या वेळी आम्ही उघडलंच आहे तर म्हणत केबिनच्या गाद्या, नवीन स्पीकर असं बरंच घुसवलं, 1,85,000 मधे ते पण आहेत हे कबूल करतो, आणि स्पीकर कुणाची आयडिया होती ते तिघांनाही माहितीये.

सामान घेताना, नागदेवी स्ट्रीटला किंवा दारूखान्यात स्वस्त मिळतं, मी पण जातो, पण मॅग्नेट चिकटला नाही म्हणजे 316 स्टेनलेस, हे डोक्यातून काढा. 304 ला पण मॅग्नेट सहसा चिकटत नाही आणि खाऱ्या पाण्यात ते 316 च्या कितीतरी आधी गंजतं. ग्रेडची खात्री नसेल तो बोल्ट केबिनच्या आत वापरा, मास्टला नको. जुन्या इंग्लिश अमेरिकन बोटींचे बोल्ट इंचात असतात, मिलिमीटरचे बसत नाहीत, मग भोकं मोठी करायचं काम वाढतं. इम्पोर्ट करायचं झालं तर वेबसाइटवरच्या भावात कुरियर, कस्टम ड्यूटी, जीएसटी मिळवल्याशिवाय आकडा लिहूच नका.

इंजिन नेहमीचं आहे, गरम होतंय म्हणून पाण्याचा पंप बदलतात आणि कार्बनने भरलेला एक्झॉस्ट एल्बो (धूर आणि पाणी बाहेर नेणारा वाकडा पाइप) तसाच राहतो. सीकॉक नखाने खरवडून बघा, पितळ गुलाबी दिसलं तर त्यातलं जस्त निघून गेलंय, बदला, यात घासाघीस नाही.

कोटेशन एकदम मागू नका

मिस्त्रीला "सगळं मिळून किती" विचारलंत तर तो एकतर घाबरून जास्त सांगतो, नाहीतर काम मिळावं म्हणून कमी, आणि दोन्ही वेळा भांडण तुमचंच. आम्ही आता दोन टप्प्यांत करतो, पहिलं कोटेशन फक्त उघडून बघण्याचं, तेवढे पैसे देऊन मोकळं व्हायचं, उघडल्यावर फोटो काढून दुसरं कोटेशन दुरुस्तीचं. क्रेन, भाडं, जीएसटी कुणाकडे ते तिथेच लिहायचं. तरीही वर 30 टक्के बाजूला ठेवतो. आणि दुसऱ्या कोटेशनशेजारी तशीच बरी बोट आज कितीला मिळेल तो आकडा लिहायचा, त्याने घरच्यांना समजवायला सोपं जातं, किंवा अवघड.

यंदाच्या पानावर पहिली ओळ कीलची (बोटीखालच्या वजनदार पात्याची) आहे, कील आणि हलच्या जोडावर गंजाचा ओघळ दिसतोय. आमच्यातला अक्षय विचारत होता किती धरू. मी लिहिलंय, "कील बोल्ट: बोट टेकवून एक नट काढून बघणे, 2 माणसं, 1 दिवस." पुढचा कॉलम रिकामा आहे.