कांद्याचा पापुद्रा आणि गालाच्या पेशी: प्रयोगात या चुका टाळा

सूक्ष्मदर्शीत काहीच दिसलं नाही की मुलं हिरमुसतात आणि दोष यंत्राला देतात. चूक बहुतेक वेळा त्याआधीच, काचपट्टी तयार करताना झालेली असते.

कांद्याची सुरीने कितीही पातळ चकती कापली तरी तिच्यात पेशींचे अनेक थर असतात आणि खाली नुसता गढूळ डाग दिसतो. आपल्याला एकाच थराचा पापुद्रा हवा. कांद्याचा एक मांसल थर हातात घेऊन मोडा. त्याच्या खोलगट बाजूला, मोडल्या जागी, पारदर्शक पडदा सुटलेला दिसेल. तो चिमट्याने अलगद ओढा आणि लगेच पाण्यात टाका, नाहीतर वाळून गुंडाळतो. नखाच्या निम्म्याएवढा तुकडा पुरतो. पेशींच्या रांगा एकमेकींवर आडव्या-उभ्या दिसल्या तर पापुद्रा दुमडला आहे, दुसरा घ्या. आयोडीनचा एक थेंब टाकला की केंद्रक उठून दिसतं.

कव्हरस्लिप, म्हणजे वर झाकायची पातळ काच, वरून सपाट टाकू नका. एक कड थेंबाला टेकवा आणि सुईच्या आधाराने हळूहळू खाली आणा. हवेचा बुडबुडा अगदी गोल असतो, कड जाड आणि काळी. त्यालाच पेशी समजून वहीत काढणारे दरवर्षी भेटतात.

गालाच्या पेशींसाठी आधी चूळ भरा, मग टूथपिकच्या बोथट टोकाने गालाची आतली बाजू हलकेच खरवडा. प्रत्येकाची टूथपिक वेगळी, वापरून झाली की टाकून द्यायची. रंग दिला नाही तर या पेशी जवळजवळ पारदर्शकच राहतात, म्हणून मिथिलीन ब्लू हवं. सगळंच निळं झालं तर कव्हरस्लिपच्या एका कडेला पाणी सोडा आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने रंग ओढून घ्या. तरीही दिसत नसेल तर उजेड वाढवू नका, कमी करा! डायफ्रॅम (काचपट्टीखालची, उजेड कमी-जास्त करणारी झडप) थोडा मिटला की पेशींच्या फिकट कडा उमटतात.

चाळीसच्या (४० पट मोठं दाखवणाऱ्या) भिंगावर मोठा स्क्रू फिरवू नका, काच फुटते.

तुलनेतली मोठी चूक वेगळीच. कांदा १०च्या भिंगाखाली आणि गाल ४०च्या भिंगाखाली पाहून दोन्ही पेशी एकाच मापाच्या काढल्या जातात. कांद्याची पेशी साधारण पाव मिलिमीटर लांब भरते, गालाची मात्र जेमतेम ०.०५ ते ०.०६ मिलिमीटर. दोन्ही एकदा १०च्याच भिंगाखाली बघा आणि आकृतीशेजारी वर्धन, म्हणजे किती पट मोठं दिसलं ते, लिहा.

पुस्तकातली आकृती पाहून कांद्याच्या पेशीत हिरवे ठिपकेही काढू नका. त्या पापुद्र्यात हरितलवकं नसतात. ती बघायची तर हायड्रिला या पाणवनस्पतीचं पान रंग न देता ठेवा. रिक्तिकेची (पेशीतल्या रसाने भरलेल्या पिशवीची) कडही सहसा स्पष्ट दिसत नाही, पण केंद्रक भिंतीकडे सरकलेलं दिसतं ते तिच्यामुळेच.

पेशीपटल, म्हणजे पेशीचं पातळ आवरण, तर भित्तिकेला (बाहेरच्या कडक भिंतीला) इतकं चिकटलेलं असतं की दोन्ही एकच वाटतात. ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाच्या जांभळ्या बाजूचा पापुद्रा काढा, त्यावर मिठाचं दाट पाणी सोडा आणि काही मिनिटं थांबा. भित्तिका जागच्या जागी राहते आणि आतला जांभळा भाग आकसून तिच्यापासून सुटतो. त्या जांभळ्या भागाची कड म्हणजेच पेशीपटल.