क्रेडिट कार्डच्या बिलावर तक्रार करायच्या आधी

घरी कधी आलाच नाही त्या सोफ्याचे ६४० डॉलर मी भरले आणि ते आजतागायत परत मिळालेले नाहीत. अमेरिकेतला कायदा माझ्या बाजूने होता, पण मी कार्ड कंपनीला नुसते फोन करत राहिले. आता भाच्याच्या कार्डावर न मिळालेल्या वस्तूचा खर्च पडलाय. तो न्यू जर्सीत नवीन आहे. त्याच्यासाठी लिहायला बसले, तेव्हा वाटलं की इथे नव्याने आलेल्या सगळ्यांनाच सांगावं.

आधी स्टेटमेंट काढा. ॲपमधली व्यवहारांची यादी नव्हे, महिन्याचं अख्खं स्टेटमेंट, शेवटच्या पानापर्यंत. चुकीची रक्कम ज्या स्टेटमेंटवर पहिल्यांदा आली, ते पाठवल्यापासून ६० दिवसांची मुदत असते. खरेदीच्या दिवसापासून मोजायची नाही, तुमच्या लक्षात आलं त्या दिवसापासूनही नाही. आणि तेवढ्या दिवसांत पत्र नुसतं टाकून भागत नाही, ते पोचावं लागतं.

हो, पत्रच. १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टचं संरक्षण लेखी तक्रारीला आहे. फोनवर कुणी कितीही गोड बोलून ‘केस उघडली आहे’ म्हणालं तरी पत्र पाठवा. मला तीन वेळा केस नंबर मिळाला, तिन्ही मी वहीत तारखेसकट लिहून ठेवले. मुदत उलटल्यावर उत्तर आलं की तुमच्याकडून लेखी काहीच आलेलं नाही. ऑनलाइन फॉर्म भरला असेल तरीही पत्र पाठवा.

पत्ता नीट बघा. पैसे भरायचा वेगळा, तक्रारीचा वेगळा. स्टेटमेंटवर बारीक अक्षरांत ‘बिलिंग इन्क्वायरीज’ असं कुठेतरी लिहिलेलं असतं, त्याखालचा पत्ता घ्या. पैसे भरायच्या पाकिटात चिठ्ठी सरकवू नका, ती धरली जाईलच असं नाही.

पत्रात नाव, खाते क्रमांक, रक्कम, तारीख आणि चूक काय झाली ते चार ओळींत. पावतीची झेरॉक्स जोडा, मूळ पावती घरीच राहू दे. सोशल सिक्युरिटी नंबर मुळीच लिहू नका! या तक्रारीसाठी कायदा तो मागत नाही, आणि कागद किती हातांतून फिरेल ते आपल्याला कळत नाही. पोस्टात सर्टिफाइड मेलने पाठवा आणि रिटर्न रिसीट मागा. घेणाऱ्याची सही असलेलं हिरवं कार्ड परत येतं. ते जपून ठेवा, माझ्याकडे नेमकं तेच नव्हतं.

पत्र मिळाल्यावर कंपनीने ३० दिवसांत पोच द्यायची आणि दोन बिलिंग सायकलींत (म्हणजे दोन बिलांच्या काळात), जास्तीत जास्त ९० दिवसांत, निकाल लावायचा. तोवर वादातली रक्कम भरली नाही तरी चालते, बाकीचं बिल मात्र वेळेवर भरा.

डेबिट कार्डाला हा कायदा लागू नाही. ते चोरीला गेलं तर मात्र आधी फोनच करा, ताबडतोब. कळल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत बँकेला सांगितलंत तर तुमच्यावर जास्तीत जास्त ५० डॉलर पडतात, उशीर केलात तर ५०० पर्यंत. स्टेटमेंटनंतरचे ६० दिवसही घालवलेत तर त्यानंतर जे जाईल त्याला मर्यादाच नाही.

खर्च अनोळखी माणसाने केलेला असेल तर आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही कंपन्यांकडे वेगवेगळं क्रेडिट फ्रीझ करा, म्हणजे तुमच्या नावावर दुसऱ्या कुणाला नवं खातं उघडणं अवघड होतं. सप्टेंबर २०१८ पासून ते फुकट आहे. क्रेडिट रिपोर्टही, म्हणजे या कंपन्यांकडची तुमची नोंद, तपासा. कंपनी दाद देत नसेल तर राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे मुख्य सरकारी वकिलाच्या कार्यालयाकडे, जा.

पण आधी पत्र. भाच्याचं पाकीट टेबलावर तयार आहे, उद्या सकाळी पोस्ट उघडताच तो घेऊन जाणार आहे.