सायबरपंक आणि कॉस्मिक हॉरर एकत्र करून मराठीत आरपीजी कसा लिहायचा, आणि त्यातली भीती कुठं बसवायची

सायबरपंक म्हणजे उद्याचं जग, कंपन्यांचं राज्य आणि माणसांच्या अंगात बसवलेली यंत्रं. कॉस्मिक हॉरर म्हणजे माणसाला जिच्या लेखी किंमतच नाही अशा अफाट गोष्टीची भीती. दोन फासे, पेन्सिली, चार माणसं आणि भडंगाची पिशवी एवढं तुमच्याकडं आहे असं धरून चालतो. ज्यांनी टेबलावरचा आरपीजी, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घेऊन बोलत खेळायचा रोल-प्लेइंग गेम, कधी खेळलाच नाही त्यांना एवढंच सांगतो की विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत सीतास्वयंवर उभं केलं तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि गद्य संवाद पात्रं ऐनवेळी आपल्या मनानं बोलायची. आरपीजी म्हणजे जवळपास तेच, सूत्रधाराच्या जागी जीएम, म्हणजे खेळ चालवणारा गेममास्टर, बसतो आणि पुढं काय होणार ते फासे ठरवतात. त्यामुळं "हे आपल्याकडचं नाही" असं कुणी म्हणालं की मला खरंच राग येतो.

मी असे तीन छोटे खेळ लिहिले, स्वतःच छापले, स्वतःच विकले, आणि सांगलीत विश्रामबागेतल्या मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत ते इतक्या वेळा चालवलेत की आता कुठं गाडी अडकते ते झोपेतपण सांगेन. या विषयावर मिळणारा सल्ला बहुतेक एकच असतो, निऑन लायटी लावा, पाऊस पाडा, मेंदूत चिप घाला आणि शेवटी समुद्रातून आठ हातांचं काहीतरी बाहेर काढा. असं केलं की राक्षस मारायचा खेळ तयार होतो, हॉरर होत नाही.

जग

अख्खं शहर लिहू नका, एक गोष्ट उचला. तुमच्या गावाला ज्या गोष्टीची आधीच धास्ती आहे ती. आपल्याकडं ती शोधावी लागत नाही. सांगलीत कृष्णेवरचा आयर्विन पूल 1929 चा, त्याच्याजवळ पाण्याची पातळी मोजतात, 40 फुटाला इशारा, 45 फुटाला धोका, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं तेव्हा आपण सगळे मोबाईलवर फक्त तो एक आकडा बघत बसलो होतो. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, अलमट्टीतनं किती निघालं, हे इथं सातवीतलं पोरगंपण सांगतंय. मग माझ्या खेळात काय केलं, 2090 ची सांगली घेतली, नदी एका कंपनीनं भाडेपट्ट्यानं घेतलीय, प्रत्येकाच्या कानामागं चिप आहे आणि ती पातळी सांगते. चैत्रातली दुपार आहे, घाटाच्या पायऱ्या शेवटपर्यंत उघड्या, वाळवंटात पोरं क्रिकेट खेळालीत, आणि चिप शांतपणे सांगते, आयर्विन पूल 58 फूट, पातळी वाढत आहे. सगळ्यांच्या कानात एकदमच. पोरं खेळायची थांबतात.

बास, एवढं जग पुरतं. बाकीचं प्लेअर विचारतील तसं सांगा.

नियम

दोन सहाबाजूंचे फासे वापरा, लुडोतले चालतात. वीस बाजूंचा फासा आपल्याकडं दुकानात मागून बघा, दुकानदार तोंडाकडं बघत बसतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स या सगळ्यात गाजलेल्या आरपीजीचे मूळ नियम 2023 च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले झालेत, फुकट आहेत म्हणून बरेचजण तेच उचलतात, ते करू नका. त्या नियमांत पात्र दर लेव्हलला तगडं होत जातं, आणि तगडं होत जाणारं माणूस घाबरत नाही.

आता खरी अवघड पायरी, भीतीचा हिशोब

इथं मी जवळजवळ दीड वर्ष अडकलो होतो म्हणून इथं सावकाश वाचा.

कॉस्मिक हॉररचा पहिला मोठा आरपीजी, कॉल ऑफ थुलू, 1981 चा. त्यात पात्राकडं भानाचा एक आकडा असतो, नको ते दिसलं की फासा टाकायचा, हरलात तर आकडा जास्त घटतो. मग 1988 ला माईक पॉन्डस्मिथचा सायबरपंक नावाचा खेळ आला, त्यात माणुसकीचा आकडा, अंगात जितकी यंत्रं बसवाल तितका तो खाली. दोन्ही कल्पना एक नंबर आहेत. मग मी काय केलं, जे सगळे करतात तेच, दोन्ही आकडे एका कागदावर आणले. भान वेगळं, माणुसकी वेगळी, दोन्हीचे तक्ते वेगळे. पहिल्याच सेशनला चारजण तीन तास पेन्सिली घेऊन वजाबाकी करत बसले, एकजण म्हणाला "थांब थांब, माझं भान 4 नं गेलं का माणुसकी?" आणि त्या एका वाक्यात खोलीतली सगळी भीती उतरली. मी तक्ते बदलले, आकडे लहान केले, रंगीत कार्डं छापली. काही उपयोग झाला नाही. दोन आकडे ठेवू नका, कितीही हुशारीनं मांडले तरी टेबलावर किराण्याची यादीच होते.

एकच आकडा ठेवा. मी त्याला भान म्हणतो, कागदावर दहा चौकोन, एक खोडला की एक गेला.

पण एकच आकडा ठेवूनही माझा दुसरा खेळ फसला, आणि का फसला ते कळायला मला कागदावर गणित मांडावं लागलं. दोन फाशांची बेरीज 10 किंवा जास्त, म्हणजे पूर्ण यश, यायची शक्यता 36 पैकी 6, 7 ते 9 यायची 36 पैकी 15, आणि 6 किंवा कमी, म्हणजे हार, यायचीपण 36 पैकी 15. म्हणजे साध्या माणसाला पूर्ण यश सहात एकदा. इथपर्यंत ठीक आहे. आता प्रत्येक इम्प्लांटला, म्हणजे अंगात बसवलेल्या यंत्राला, बेरजेत एक गुण वाढवा. तीन इम्प्लांट लावलेल्या पात्राला पूर्ण यश 36 पैकी 21 वेळा मिळतं आणि ते पूर्ण हरतं फक्त 3 वेळा. मी भीती ठेवली होती हरण्यात, आणि माझे प्लेअर हरतच नव्हते! सायबरपंकमध्ये तर पात्र यंत्रं घेणारच, तोच त्याचा आत्मा आहे, यंत्रं नको म्हणून सांगितलं तर मग सायबरपंक कशाला लिहायचा.

उत्तर मिळालं ते असं. भीती हरण्यात ठेवू नका, जिंकण्यात ठेवा.

म्हणजे कसं, जे इम्प्लांट वापराल ते जेवढं चांगलं चालेल तेवढं तुम्हाला नको ते जास्त दिसेल. 6 किंवा कमी आलं तर काम झालं नाही, पण दिसलंही काही नाही, भान शाबूत. 7 ते 9 ला काम झालं, आणि कडेला काहीतरी दिसलं, ते जीएमनं एका वाक्यात सांगायचं, चौकोन खोडायचा नाही. 10 किंवा जास्त आलं तर काम एकदम चोख झालं, आणि ते स्वच्छ दिसलं, एक चौकोन गेला. आता तीन इम्प्लांटवालं पात्र जवळजवळ प्रत्येक कामात जिंकतंय आणि प्रत्येक चोख जिंकण्याला भानाचा एक एक चौकोन देतंय. ताकद आणि धोका एकच वस्तू झाली. दोन्ही प्रकार जुळतात ते याच एका सांध्यावर, एकात माणूस पैसे देऊन जास्त बघायची सोय विकत घेतो आणि दुसऱ्यात जास्त बघणं हीच शिक्षा असते. हा सांधा सापडेपर्यंत एक पानपण पुढं लिहू नका, माझी दीडशे पानं याच्यापायी वाया गेलीत.

हे टेबलावर कसं दिसतं ते सांगतो. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती माहीत असेल, जमिनीत खणलेली, तोंड अरुंद आणि पोट मोठं, हळद आत वर्षानुवर्षं टिकायची, 2005 च्या पुरानं त्यातल्या बऱ्याच पेवांची वाट लावली. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आतली हवा कोंडलेली असते, जीव जातो. माझ्या कथेत कंपनीनं असंच एक जुनं पेव घेऊन त्यात पातळी मोजणारं मशीन बसवलंय. प्लेअर दोर बांधून उतरले. एका पात्राला अंधारात दिसणारा डोळा होता, तीन इम्प्लांटवालं तेच पात्र, त्यानं भिंत बघायला फासे टाकले, 8 आले, तीन मिळवून 11. सगळे खूश. मी सांगितलं, भिंत स्वच्छ दिसतीय, हळदीचा पिवळा थर, त्यावर पाण्याच्या पातळीच्या रेघा, आयर्विन पुलाला असतात तशा फुटाफुटाच्या, आकडे खाली खाली वाढत जातात, आणि दिसतंय तिथपर्यंत पेवाला तळ नाही. शेवटचा वाचता येणारा आकडा 4,400. रेघ ओली आहे.

तो प्लेअर मार्केट यार्डात हळदीचाच व्यवसाय करतो, लहानपणी आजोबांबरोबर पेवाच्या तोंडाशी उभा राहिलेला माणूस. त्यानं चौकोन खोडला, भडंगाचा हात तसाच वाटीत राहिला, आणि मला हळूच विचारलं, "ह्यो डोळा बंद करता येतोय का?" मी म्हणालो झाकता येतो, बंद करता येत नाही. पुढचा अर्धा तास चौघं फक्त त्या डोळ्याचं काय करायचं यावर बोलत होते, कुणी कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. दीड वर्ष मी ज्यासाठी धडपडत होतो ते हेच होतं.

भाषा

हीपण जरा अवघड आहे, पण वरच्याइतकी नाही. भयाण, अथांग, अवर्णनीय, अगम्य हे शब्द पहिल्या ड्राफ्टमधून शोधून शोधून काढा. आकडा सांगा, वास सांगा, कुठली ओळखीची वस्तू चुकीच्या जागी आहे ते सांगा. "रेघ ओली आहे" या तीन शब्दांत जे होतं ते अथांगनं होत नाही.

आणि कृपा करून भूत, हडळ, मुंजा आणू नका. आपल्या भुतांशी आपला व्यवहार ठरलेला आहे, त्याला काहीतरी हवं असतं, उतारा टाकला, नारळ फोडला, राहिलेली इच्छा पुरी केली की ते जातं. म्हणून मराठी माणूस भुताच्या गोष्टीत आतून निर्धास्त असतो. कॉस्मिक हॉररमधल्या त्या गोष्टीला तुमच्याकडनं काहीच नको असतं, तिला तुम्ही आहात हेच माहीत नाही. नवस बोलायची सोय नाही. कथेत कुठंही त्या गोष्टीला राग, सूड किंवा भूक दिलीत की ती परत मुंजा झाली म्हणून समजा. माझी एक चाचणी आहे, खेळताना कुठल्यातरी प्लेअरनं "त्याला काय पाहिजे?" असं विचारलं आणि तुमच्याकडं उत्तर तयार असलं, तर तेवढा भाग फाडून परत लिहा.

अजून एक, कॉस्मिक हॉरर ज्यानं रूढ केलं त्या अमेरिकन लेखक लव्हक्राफ्टच्या गोष्टींत भीती पुष्कळदा परक्या, गरीब, वेगळ्या वंशाच्या माणसांवर ढकललेली असते, वस्तीतले लोक गुपचूप कसलीतरी पूजा करतात वगैरे. ते तसंच उचलून आपल्याकडं कुठल्या पाड्यावर किंवा झोपडपट्टीवर चिकटवू नका, ते अन्यायाचंही आहे आणि आळसाचंही. माझ्या खेळात त्या आकड्याची वाट बघणारे लोक कंपनीच्या सातव्या मजल्यावर, एसीत बसलेत.

खेळून बघणं

अनोळखी माणसांबरोबर किमान पाच वेळा, आणि त्यातला एक वेळा दुसऱ्याला जीएम करून स्वतः तोंड बंद ठेवून.

मांडणी आणि छपाई

ए-फाईव्ह आकार, मध्ये पिना मारायच्या असतील तर पानांची संख्या चारच्या पटीत, 32 किंवा 36 पुरे. फॉन्ट युनिकोडच घ्या, मुक्त परवान्याचा मुक्ता चांगला आहे, छोट्या अक्षरातपण वाचता येतो. इनडिझाईन वापरत असाल तर परिच्छेदाचा कंपोजर वर्ल्ड-रेडी करा, नाहीतर जोडाक्षरं सुटतात आणि वेलांट्या भलतीकडं जाऊन बसतात. माझा पहिला खेळ एका छापखान्यानं स्वतःच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून छापला, मला न विचारता, आणि 200 प्रतींत "कृष्णा" हा शब्द एकाही पानावर धड नव्हता. तेव्हापासून पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करूनच देतो आणि छापलेलं एक प्रूफ हातात घेऊन प्रत्येक पानावरचे क्ष, ज्ञ, ष्ण, र्‍य बोट ठेवून तपासतो, स्क्रीनवर नाही, कागदावर.

आयएसबीएन भारतात फुकट मिळतो, सरकारी पोर्टलवर स्वतः अर्ज करा, त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटला देऊ नका.

विकणं

पीडीएफ इच डॉट आयओ या खेळ विकायच्या साईटवर ठेवा. छापील प्रती हातानं विका, प्रत्येक प्रतीबरोबर दोन फासे द्या, आणि मलपृष्ठाच्या आत एक रिकामा तक्ता छापा, गावाचं नाव, नदी, पूल, इशारा पातळी, धोका पातळी. शेवटची ओळ रिकामीच ठेवा. कऱ्हाडच्या एका मुलीनं तो तक्ता भरून मला फोटो पाठवला होता, कोयना आणि कृष्णा दोन्ही लिहिल्या होत्या, आणि शेवटच्या ओळीत पेन्सिलीनं एक आकडा, त्याच्यापुढं कंसात "अजून वाढतंय".