नवीन एअरलायनरची टेस्ट घ्यायच्या आधी काय काय जुळवून ठेवायचं

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या सिममध्ये, नवीन विमान डाउनलोड झालं की पहिल्या रात्री आपण सगळे एकच उद्योग करतो, इंजिन चालू, टेकऑफ, गावावरून एक चक्कर आणि लगेच निकाल, "फिजिक्स एक नंबर" नाहीतर "रुळावरून चालल्यासारखं उडतंय". आता खरं सांगा, खऱ्या ७३७ च्या कॉकपिटमध्ये आपल्यातले किती जण बसलेत? मी तर फक्त मागे खिडकीला बसलोय, पंखाच्या वर. म्हणजे "फील" बरोबर आहे का हे सांगायला माझ्याकडे आधारच नाही, पण आकडे आहेत आणि मोबाइलमध्ये स्टॉपवॉच आहे, तेवढ्यावर बरंच काही पकडता येतं, फक्त आधी तयारी नीट पाहिजे. मी सगळं ७३७-८०० धरून लिहितोय कारण तेच जास्त उडवतो, एअरबसवाल्यांनी आकडे बदलून घ्यावेत, पद्धत तीच.

सगळ्यात आधी थ्रॉटल, म्हणजे इंजिनचा जोर कमी-जास्त करायचा टेबलावरचा लिव्हर. हे कंटाळवाणं आहे म्हणून सगळे टाळतात आणि मग फसतात. मी स्वतः दोन दिवस एका डेव्हलपरला मनातल्या मनात शिव्या घालत होतो की उतरताना विमानाचा वेग कमीच होत नाही, आयडलला (सगळ्यात कमी जोरावर) पण ढकलतंच आहे, आणि शेवटी कॅलिब्रेशनची खिडकी उघडली तर लिव्हर पूर्ण मागे असूनही सिमला चार टक्के जात होते आणि आकडा थरथरत होता, आत धूळ बसलेली. तर लिव्हर साफ, कॅलिब्रेट केलेला, शून्याजवळ थोडा डेड झोन (जिथे हललं तरी सिम दुर्लक्ष करतं), कर्व्ह सरळ, आणि एकाच ॲक्सिसला, म्हणजे सिममधल्या त्याच थ्रॉटलला, दोन ठिकाणी बाइंडिंग (जोडणी) झालेलं नाही ना तेही बघा, जुनं गेमपॅड कोपऱ्यात लावलेलं असतं आणि तेच घोळ घालत असतं.

मग सिमची सेटिंग. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये फ्लाइट मॉडेल मॉडर्नवर आहे का, सगळे असिस्ट (सिमची आपोआप मदत) बंद आहेत का, अनलिमिटेड फ्युएल चुकून चालू नाहीये ना. टेस्ट चालू असताना ॲक्टिव्ह पॉजला हात लावू नका, त्यात विमान हवेत टांगलेलं राहतं पण बाकीच्या सिस्टिम चालूच असतात, आणि ज्या ॲड-ऑनचं (वेगळ्या घेतलेल्या विमानाचं) इंजिन मॉडेल सिमच्या बाहेर वेगळ्या प्रोग्रॅममध्ये चालतं, जसं फेनिक्सच्या ए३२० चं, त्यांना हे असले खेळ अजिबात नकोत. टाइम ॲक्सिलरेशनही नको. एक्स-प्लेनवाल्यांनी फ्रेम रेटवर डोळा ठेवा, कारण तो साधारण २० च्या खाली गेला की एक्स-प्लेन फिजिक्स सांभाळायला वेळच हळू करतो, म्हणजे तुमच्या हातातलं स्टॉपवॉच खोटं पडणार. ग्राफिक्स खाली आणा, टेस्टच्या रात्री ढग सुंदर दिसायची गरज नाही. आणि हो, स्पीकर बंद. खरंच बंद करा, आवाज दणदणीत असला की इंजिन पण खरं वाटायला लागतं, मी स्वतः दोनदा असा गंडलोय.

लाइव्ह वेदर बंद, वारा शून्य, टर्ब्युलन्स शून्य. पहिली फेरी स्टँडर्ड दिवसाची, समुद्रसपाटीला १५ अंश आणि हवेचा दाब १०१३ हेक्टोपास्कल. तापमान लावताना स्लायडरवरचा आकडा समुद्रसपाटीचा आहे की जमिनीलगतचा हे बघा आणि कॉकपिटमध्ये काय दिसतंय त्यावरच विश्वास ठेवा. वजन कॉकपिटमधल्या टॅबलेटमधून लोड करा आणि एफएमसीतही (विमानाच्या फ्लाइट कॉम्प्युटरमध्येही) तेच गेलंय का ताडून बघा, मी दर वेळी ६५ टन ठेवतो म्हणजे आज आणि पुढच्या महिन्यात तुलना होते.

कागद कुठले? ॲड-ऑनसोबत मॅन्युअल येतात ती उघडा तरी, बहुतेकांची पीडीएफ डाउनलोडच्या फोल्डरात तशीच पडलेली असते. आपल्या कामाचं सोनं क्विक रेफरन्स हँडबुकमध्ये आहे, वेगाचे काटे बिघडले तर पायलटने काय करायचं त्या पानावर. फ्लॅप (पंखाच्या मागून बाहेर येणाऱ्या पट्ट्या) बाहेर असतील तर नाक १० अंश वर आणि ८० टक्के एन-वन (इंजिनच्या पुढच्या मोठ्या पंख्याचे फेरे), फ्लॅप आत असतील तर ४ अंश आणि ७५ टक्के, हे तर पाठच करायचं असतं, आणि पुढे वजन नि उंचीप्रमाणे अख्खा तक्ता दिलेला असतो की इतक्या एन-वनला आणि इतक्या पिचला (नाकाच्या कोनाला) विमान इतक्या वेगाने जाईल. म्हणजे जोर, ड्रॅग (हवेचा विरोध) आणि लिफ्ट (वर उचलणारं बळ) तिन्हीचा हिशोब एका ओळीत. तक्त्यातले चार मुद्दे वहीत उतरवून घ्या, एवढं जरी जुळलं तरी डेव्हलपरने मेहनत केलीय असं समजा.

आता इंजिन स्टार्ट, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. पॅक (केबिनचे एसी) बंद, एपीयूची (शेपटीतल्या छोट्या इंजिनाची) हवा चालू, स्क्रीन रेकॉर्डिंग चालू, आणि कॅमेरा इंजिनच्या आकड्यांवर झूम करून ठेवा, कारण नुसत्या डोळ्यांनी हे पकडता येत नाही. इंजिन स्टार्टचा स्विच ग्राउंडला टाकला की डक्ट प्रेशरचा (हवेच्या नळीतल्या दाबाचा) काटा खाली बसला पाहिजे, तो जागचा हललाच नाही तर समजायचं की हवा आणि इंजिन यांची ओळखच करून दिलेली नाही. एन-टू (इंजिनच्या आतल्या भागाचे फेरे) २५ टक्क्यांवर आला, एन-वन फिरायला लागलेला दिसला की फ्युएलचा लिव्हर वर, १० सेकंदांच्या आत ईजीटी (बाहेर पडणाऱ्या गॅसचं तापमान) उठायला हवा. खरं इंजिन इथे लिफ्टच्या मजल्यांसारखे आकडे मोजत नाही. ईजीटी झपकन वर जातो, ७२५ अंशांच्या मर्यादेच्या बराच खाली शिखर गाठतो, आणि फेरे वाढून आत हवा जास्त यायला लागली की परत खाली उतरतो. ५६ टक्क्यांच्या आसपास स्टार्टर सुटतो, स्विच आपोआप मागे येतो, आणि शेवटी एन-वन साधारण २० नि एन-टू साधारण ६० वर सगळं स्थिरावतं. स्वस्तातल्या मॉडेलमध्ये सगळे आकडे एका सरळ रेषेत चढतात आणि आयडलला येऊन गप्प थांबतात, व्हिडिओ हळू करून बघा, लगेच कळतं. मग इंजिन बंद करा, दहा मिनिटं चहा प्या आणि परत स्टार्ट करा. आतली धग राहिलेली असते, त्यामुळे ईजीटी आधीच वर दिसायला पाहिजे, प्रत्येक वेळी बाहेरच्या तापमानापासून सुरू होत असेल तर ते इंजिन नाही, नुसतं चित्र आहे.

गरमीची टेस्ट मात्र आपल्या नागपूरलाच घ्यायची. रनवे ३,२०० मीटर, उंची हजार फुटांच्या थोडी वर, मे महिन्यातली दुपार म्हणजे ४४ अंश, आणि क्यूएनएच (समुद्रसपाटीला धरलेला हवेचा दाब) हजाराच्या आसपास लावला तर डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) पाच हजार फुटांच्या आसपास निघते. ७३७-८०० चं सीएफएम५६-७बी समुद्रसपाटीला ३० अंशांपर्यंत ठरलेला पूर्ण जोर देतं, त्यानंतर ईजीटी सांभाळायला जोर कमी करावाच लागतो. म्हणून तयारीत १५, ३० आणि ४४ अंशांचे तीन वेदर प्रीसेट सेव्ह करून ठेवा आणि तिन्हींसाठी एफएमसी टेकऑफचा एन-वन किती देतो ते लिहा. गंमत अशी की आकडा आधी वाढतो, कारण गरम हवेत तेवढाच जोर काढायला पंखा जास्त फिरवावा लागतो, आणि तिसाच्या आसपास वळण घेऊन खाली यायला लागतो. हे वळण दिसलं पाहिजे. मग त्याच ६५ टनांवर १५ आणि ४४ ला टेकऑफ करा, ४० टक्क्यांवर दोन्ही इंजिनं स्थिर होऊ द्या, मग टोगा (टेकऑफ किंवा गो-अराउंडचा पूर्ण जोर देणारं बटण), आणि ब्रेक सोडल्यापासून १०० नॉट्सपर्यंत किती सेकंद ते मोजा. दोन्हीकडे सारखेच सेकंद आले तर पुढे बोलायचीच गरज नाही.

ड्रॅगसाठी एकच टेस्ट पुरते. कमी उंचीवर सरळ उडत असताना, स्पीडब्रेक (पंखावरच्या हवा अडवणाऱ्या पट्ट्या) न लावता, आयडलवर २८० वरून २५० नॉट्सला यायला बोइंगच्या ट्रेनिंग मॅन्युअलप्रमाणे सुमारे २५ सेकंद आणि २ नॉटिकल मैल लागतात, तिथून फ्लॅप-अप स्पीडपर्यंत (फ्लॅप आत ठेवून उडायच्या कमी वेगापर्यंत) अजून सुमारे ३५ सेकंद आणि ३ नॉटिकल मैल. एक विमान माझ्याकडे होतं, नाव घेत नाही, ते १२ सेकंदांत यायचं, जणू मागून कुणीतरी शेपूट धरलंय.

शेवटची राखून ठेवा लँडिंगसाठी. लँडिंग फ्लॅप लागले की ही इंजिनं साध्या आयडलवर न राहता थोड्या वरच्या ॲप्रोच आयडलवर जातात, कारण गो-अराउंड (लँडिंग सोडून परत वर जाणं) करायची वेळ आली तर ८ सेकंदांत लागेल तेवढा जोर मिळालाच पाहिजे असा सर्टिफिकेशनचा नियम आहे. टोगा दाबला की नाक वर उठायला पाहिजे, इंजिनं पंखाखाली लटकलेली असतात म्हणून, ऑटोपायलट बंद करून हाताने अनुभवा. आणि उतरल्यावर रिव्हर्सर (इंजिनचा उलटा जोर) न लावता नुसतं धावू द्या, चाकं टेकल्यावर ५ सेकंदांनी एन-वन अजून एक पायरी खाली उतरतो, ग्राउंड आयडलला. हे कुणी मुद्दाम बघत नाही आणि म्हणूनच मी बघतो.

वहीत तारखेसोबत ॲड-ऑनची व्हर्जन लिहायला विसरू नका. गेल्या एका अपडेटनंतर ड्रॅगच्या टेस्टमधले माझे २५ चे १९ सेकंद झाले होते, रिलीज नोट्समध्ये त्याची एक ओळ नव्हती, वहीतलं जुनं पान उघडलं तेव्हा कळलं.