दुपारच्या उन्हात आजीचा फोटो

आजीचा फोटो दुपारीच काढायचा होता, संध्याकाळी तिची गाडी होती. अंगणात डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडत होत्या. आंब्याखाली नेलं, तर पानांतून आलेल्या उजेडानं चेहरा हिरवट दिसू लागला, शिवाय गालावर कवडसे. मग तिला ओसरीच्या कडेला, सावलीत हातभर आत, मोकळ्या अंगणाकडे तोंड करून बसवलं. ढगाळ दिवसापेक्षा मला हाच उजेड जास्त आवडतो. मऊ असूनही त्याला दिशा असते. मांडीजवळ थर्माकोलचा पांढरा तुकडा धरला, तशी हनुवटीखालची सावली निवळली आणि डोळ्यांत चमक आली. ८५ मिमी लेन्स, एफ २.८ (म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच उघडं), फोकस जवळच्या डोळ्यावर. मागच्या अंधाऱ्या दारामुळे कॅमेरा चेहरा जास्तच उजळवत होता, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, २/३ स्टॉप उतरवलं (एक पूर्ण स्टॉप उतरवला की उजेड निम्मा होतो).