पेशंटला मेसेज पाठवण्याआधी

केसपेपरवर मोबाईल नंबर लिहून घेताना शेजारी आणखी एक रकाना ठेवा: ‘फोन कुणाजवळ असतो?’ कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी-गगनबावड्याकडं नंबर आजीचा आणि फोन नातवाच्या खिशात, हे नेहमीचंच. त्यामुळं मेसेजमध्ये आजाराचं किंवा तपासणीचं नाव घालू नका. टीबी, एचआयव्हीच्या पेशंटला तर नुसत्या विभागाचं नावही घरात अडचणीत आणतं. नंबर घेतला की तिथंच रिंग देऊन बघा.

देवनागरी एसएमएस ७० अक्षरांत बसवा. त्यापुढं गेला की ६७-६७ चे तुकडे पडतात आणि पैसे तुकड्यागणिक लागतात. काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगळं मोजलं जातं. एकटा ‘रात्री’ ६ जागा खातो. हा नमुना ५९ मध्ये बसतो:

‘१२ तारखेला सकाळी ९ ला या. ११ च्या रात्री १० नंतर फक्त पाणी.’

‘उद्या या’ असं कधीच लिहू नका. रेंज नसली की मेसेज दुसऱ्या दिवशी पोचतो आणि माणूस भलत्याच दिवशी उपाशीपोटी येऊन बसतो. एकगठ्ठा एसएमएसचा मजकूर डीएलटीवर (मोबाईल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर) आधी मंजूर करून घ्यावा लागतो. नंतर साच्यात फेरफार केला की मेसेज मधेच अडतो.

व्हॉट्सॲपवर पेशंटांचा ग्रुप नकोच, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. ब्रॉडकास्ट (एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो) बरा, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो जातो. तेव्हा केसपेपरच्या खिडकीवरच तुमचा नंबर पेशंटच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. स्टाफच्या ग्रुपात जखमेचे फोटो टाकत असाल तर प्रत्येकाच्या फोनमधलं ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद हवं, नाहीतर ते लग्नाच्या फोटोंशेजारी गॅलरीत जाऊन बसतात.

फोन करायचा तर दुपारी. सकाळ-संध्याकाळ माणसं डेअरीला दूध घालायला गेलेली असतात. पावसाळ्यात कोल्हापुरातल्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा: ३९ फूट इशारा, ४३ धोका. इशारा ओलांडला की नदीपलीकडच्यांना आपणहून पुढची तारीख कळवा, गोळ्या संपत आल्यात का तेही विचारा.

संशोधनातल्या सहभागींना जाणारा प्रत्येक मजकूर आधी एथिक्स कमिटीकडून (सहभागींचं हित जपणाऱ्या समितीकडून) मंजूर हवा, आठवणीचा मेसेजसुद्धा. कुणी ‘बंद करा’ म्हटलं की त्याच दिवशी नंबर यादीतून काढा. औषधाच्या चाचणीत सहभागी कुठंही ॲडमिट झाला तर संशोधकानं ते २४ तासांत एथिक्स कमिटीला आणि औषध नियंत्रकांना कळवायचं असतं. म्हणून रविवारी रात्री आलेला मेसेज कोण वाचणार, त्याचं नाव ड्युटीच्या तक्त्यावर लिहा. तातडीसाठी मेसेज नको, १०८ लावा, हे प्रत्येकाला तोंडी सांगा.