आकडा आला, पण तो कशाचा? प्राचीन खडकांचं वय काढायला येणाऱ्यांसाठी

या विषयात नव्याने आलेली मुलं बहुतेकदा पहिला प्रश्न विचारतात तो "जगातला सगळ्यात जुना खडक कुठला?" हाच. प्रश्न सरळ आहे, पण उत्तर एका वाक्यात देता येत नाही. का देता येत नाही, हे नीट कळेपर्यंत निम्मी पीएचडी सरते.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचं उदाहरण घ्या. तिथे सापडलेल्या झिरकॉन या चिवट खनिजाच्या कणांपैकी सर्वात जुना सुमारे ४४० कोटी वर्षांचा आहे, म्हणजे पृथ्वीनंतर जेमतेम पंधरा कोटी वर्षांनी तयार झालेला. पण हे कण ज्या गोटेमिश्रित खडकात सापडतात, तो खडक आहे साधारण ३०० कोटी वर्षांचा. मूळ खडक कधीच झिजून गेला. चिवट कण तेवढे वाहत येऊन दुसऱ्या खडकात अडकले. कॅनडातला अकास्टा नाइस (उष्णता आणि दाबाने बदललेला पट्टेदार खडक) मात्र खडक म्हणूनच सुमारे ४०३ कोटी वर्षांचा आहे. आता सांगा, जुना कोण?

म्हणून पहिली सवय लावून घ्यायची ती ही: आकडा कानावर पडला की "कशाचा?" असं विचारायचं. कण स्फटिकरूप झाला तेव्हाचा? खडक पुन्हा तापून बदलला तेव्हाचा? की ज्या मालापासून हा खडक वितळून बनला, तो माल प्रावरणातून, म्हणजे कवचाखालच्या थरातून, वेगळा झाला तेव्हाचा? तीन वेगळ्या घटना, आणि बोलताना तिन्हींना आपण सर्रास "वय"च म्हणतो.

प्रत्यक्ष काम सुरू होतं ते खडक फोडण्यापासून. फोडणं, दळणं, चाळणं, पाण्याच्या हलत्या टेबलावरून जड कण वेगळे करणं, मग चुंबकीय विभाजक, मग जड द्रव. काही किलो खडकातून हाती लागते चिमूटभर पूड. हे काम कंटाळवाणं म्हणून सहायकावर ढकलू नका. दळणयंत्र प्रत्येक नमुन्याआधी स्वतः पुसा, फटीत ब्रश घालून पुसा. आधीच्या नमुन्यातला एक कण मागे राहिला तरी त्यातून खळबळजनक 'शोध' लागू शकतो, आणि तो मागे घेताना होणारी शोभा वेगळी.

मग सूक्ष्मदर्शकाखाली वेचणी. बशीत अल्कोहोल, त्यात मिलीमीटरच्या दहाव्या भागाएवढे कण, हातात सुई. नजर आपोआप मोठ्या, नितळ, टोकदार स्फटिकांकडे जाते. अग्निजन्य खडकाचं वय काढायचं असेल तर तशी निवड बरीचशी चालते. पण वाळूच्या खडकातले कण कुठून कुठून आले हे शोधायचं असेल, तर देखणे कण वेचणं म्हणजे उत्तर आधीच ठरवणं. प्राचीन कण बऱ्याचदा घासलेले, गोलसर, मळकट असतात. तिथे डोळे मिटून वेचल्यासारखं वेचावं लागतं.

वेचलेले कण राळेत बसवून अर्ध्यापर्यंत घासतात, म्हणजे पोट उघडं पडतं. मग इलेक्ट्रॉनच्या माऱ्याखाली कणाच्या चमकेचं चित्र घेतात. माझ्या मते या विद्येतला सगळ्यात मोलाचा तास हाच. साध्या प्रकाशात एकसंध दिसणाऱ्या कणात इथे आतले थर दिसू लागतात: मध्ये गोल झिजलेला गाभा, भोवती शिलारसात वाढताना पडलेले बारीक पट्टे आणि सगळ्यात बाहेर, खडक पुन्हा तापला तेव्हा चढलेली पातळ कड. एकाच कणात तीन घटना. आयन प्रोब म्हणजे आयनांचा बारीक झोत मारून कणाच्या एका ठिपक्यातली समस्थानिकं मोजणारं यंत्र. त्याचा ठिपका साधारण २० ते ३० मायक्रॉनचा. तो अर्धा गाभ्यावर आणि अर्धा कडेवर पडला, तर येणारा आकडा कुठल्याच घटनेचा नसतो. यंत्राला त्याचं सोयरसुतक नाही; ते आकडा छापतं, सोबत छोटीशी अनिश्चितताही छापतं. त्यामुळे चित्रावर ठिपके कुठे मारायचे हे आदल्या दिवशी ठरवा, आणि मोजणी झाल्यावर ते खरोखर कुठे पडले हे पुन्हा पाहा. हा दुसरा फेरा बरेच जण टाळतात.

झिरकॉनच का? स्फटिक बनताना तो युरेनियम आत घेतो, शिशाला मात्र जवळपास थारा देत नाही. त्यामुळे आत सापडणारं शिसं बहुतांशी नंतर युरेनियमच्या क्षयातून तयार झालेलं असतं. शिवाय घड्याळं दोन मिळतात: युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षं, युरेनियम-२३५ चं सुमारे ७० कोटी. दोन्ही एकच वेळ दाखवत असतील तर मापन 'कॉन्कॉर्डंट', नसतील तर बहुधा मधल्या काळात शिसं गळालंय. फार जुन्या कणांत शिसं-२०७ आणि शिसं-२०६ यांचं गुणोत्तर खूप उपयोगी पडतं, कारण शिसं अलीकडे गळालं असेल तर दोन्ही सारख्याच प्रमाणात जातात आणि गुणोत्तर टिकतं. गळती प्राचीन काळी झाली असेल तर मात्र हेच गुणोत्तर फसवतं. कॉन्कॉर्डियाचा आलेख, म्हणजे दोन्ही घड्याळं जिथे जुळतात ती वक्ररेषा, हाताने काढायला शिका, सॉफ्टवेअर नंतर.

यंत्रांबद्दल थोडक्यात. कणावर लेझर मारून उडालेला माल मोजायची पद्धत झटपट, शेकडो कण मोजता येतात, पण खड्डा खोल पडतो. आयन प्रोब हळू आणि महाग, पण ठिपका उथळ. सर्वात अचूक पद्धतीत कण आम्लात विरघळवून शिसं आणि युरेनियम वेगळं करतात. तिथे हायड्रोफ्लुओरिक आम्लाशी गाठ असते. हे आम्ल अंगावर पडलं तरी सौम्य असेल तर लगेच भाजल्यासारखं वाटतंच असं नाही, आणि धोका तिथेच आहे. कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम कुठल्या कप्प्यात आहे हे पहिल्या दिवशी विचारा आणि एकट्याने काम करू नका.

आता भूखंडीय कवचाकडे. कणाचं वय कळलं तरी तो कशातून जन्मला हे कळत नाही. त्यासाठी त्याच कणातलं हाफ्नियम बघतात. झिरकॉनमध्ये हाफ्नियम भरपूर आणि ल्युटेशियम अत्यल्प, त्यामुळे जन्मवेळचं समस्थानिक गुणोत्तर जवळपास तसंच राहतं. त्यावरून शिलारस थेट प्रावरणातून आला की आधीच्या कवचाच्या वितळण्यातून, याचा अंदाज येतो. ऑक्सिजनची समस्थानिकं पाण्याची खूण देतात. जॅक हिल्सच्या कणांवरून पृथ्वीच्या पृष्ठभागावर फार लवकर द्रव पाणी होतं, असा युक्तिवाद २००१ मध्ये झाला तो याच आधारावर. पूर्व भारतातल्या सिंगभूमच्या खडकांतही ४२४ कोटी वर्षांपर्यंतचे झिरकॉन असल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथेही कण त्याहून तरुण खडकात अडकलेले होते. 'मॉडेल वय' (मूळ माल प्रावरणातून कधी वेगळा झाला याचा हिशेब) नावाचा प्रकार मात्र जपून वापरा. त्यात मूळ मालाचं रसायन आधी गृहीत धरलेलं असतं. गृहीतक बदला, वय कोटींनी सरकतं.

ही भांडणं कशी चालतात हे पाहायचं असेल तर कॅनडाच्या क्विबेकमधल्या नुव्वुआगित्तुक या प्राचीन खडकांच्या पट्ट्यावरचे निबंध तारखेच्या क्रमाने वाचा. तिथले गडद, बेसाल्टी वळणाचे खडक. अशा खडकात झिरकॉन सहसा नसतोच, म्हणून समॅरियमच्या क्षयातून निओडायमियम बनतं, त्या घड्याळाचा आधार. २००८ मध्ये ४२८ कोटी वर्षं असा दावा झाला. आक्षेप असा की, आलेखावर गुणोत्तरांची जी सरळ रेषा मिळते ती वयाचा पुरावा नसून जुन्या मालाच्या मिश्रणाची खूण असू शकते. खडक स्वतः तरुण असेल. मग २०२५ मध्ये त्याच पट्ट्यात घुसलेल्या खडकांवर अल्पायुषी समॅरियम-१४६ आणि दीर्घायुषी समॅरियम-१४७ ही दोन्ही घड्याळं लावून सुमारे ४१६ कोटी वर्षं मिळाली. घुसलेला खडक ज्यात घुसला त्याहून तरुणच असणार, हा साधा क्षेत्रीय नियम इथे किती वजनदार ठरतो बघा. माझा कौल सध्या जुन्या वयाकडे झुकतो, पण हा वाद मिटलाय असं समजून प्रबंध लिहू नका.

अभ्यासक्रमाचं फार डोक्यावर घेऊ नका. रसायनशास्त्र, खनिजशास्त्र आणि संख्याशास्त्र पक्कं हवं, थोडं प्रोग्रॅमिंग हवं. बाकी प्रयोगशाळेत येतं. निबंध वाचताना सारांशाआधी आकड्यांचे तक्ते आणि कणांची चित्रं पाहा. वगळलेले कण कोणते आणि का वगळले, हे तळटिपांत सापडतं. आणि क्षेत्रकामाची संधी आली तर सोडू नका. नमुना कुठल्या पट्ट्यातून घेतला हे माहीत नसलेल्या माणसाला ठिपका कुठे मारायचा हेही कळत नाही.

प्रयोगशाळा निवडताना मात्र एक गोष्ट जरूर मागा: प्रमाण झिरकॉनच्या गेल्या वर्षभराच्या मोजण्या. वय आधीच ठाऊक असलेला हा कण प्रत्येक सत्रात नमुन्यांसोबत मोजतात. कोणी उठून फाइल उघडून दाखवली, त्यातल्या वाकड्या दिवसांसकट, तर तिथे अर्ज करा.